बाबांची माळ आणि माझा गेम

तुम्ही हसाल, पण आमच्या बाबांचं मौन एका खेळण्यानं मोडलं. लहानपणचे व्हिडिओ गेम चालवणारा, हातात मावणारा कन्सोल मी मागवला, तेव्हा ते म्हणाले होते, “बँकेत नोकरी करतोस आणि हा पोरकटपणा?”

रविवारी सकाळी ते गोमुखीत हात घालून जपाला बसले. माळ पुरी होईपर्यंत ते अवाक्षर काढत नाहीत. मी शेजारीच खेळत होतो. माझा गडी खड्ड्याच्या काठाशी पोचला, आणि बाबा ओरडले, “अरे, उडी मार ना!”

मग ओशाळले. “गेली माळ. आता पुन्हा पहिल्यापासून.”

“बाबा, यात खेळ हवा तिथे सेव्ह करता येतो.”

“जपात नाही येत. तू कर सेव्ह. माझी माळ होईपर्यंत पुढे जायचं नाही.”