बिनखुंटीची फळी

साळूबाई : त्या फळीला हात लावलास तर बघ, सहदेव. पटाशी खाली ठेव.

सहदेव : काकू, मला वयनीनी बोलावलंय. सुताराला काय हौस हाय, महाडभर लोकांच्या माड्या उचकटत फिरायची?

तुळसा : उचकटा तुम्ही. ही फळी पाय पडला की करकरते. या घरात नांदायला आल्यापासून एक पाऊल गुपचूप टाकता आलेलं नाही मला.

साळूबाई : सुनेला गुपचूप पाऊल टाकायचं काम काय, ते सांग आधी.

तुळसा : पाणी प्यायला उठले की खालून हाक, ‘तुळसा, जागी काय गो?’ खिडकीशी गेले की, ‘रस्त्यानं कोण चाललंय?’ परवा अंगावर पाल पडली म्हणून उडी मारली, तर तुम्ही शेजारच्या बायजाकाकूंना सांगितलंत, आमची सून माडीवर नाचते.

साळूबाई : मग नाचलीसच की. माझ्या आमटीत धूळ पडली वरनं.

सहदेव : फटीतनं पडणारच. फळी उचलायची, तुळईवर काथ्याची दोरी पसरायची, वरनं खुंट्या ठोकून आवळायची. मंग वरती रेडा फिरवा, खाली पत्ता लागायचा नाय. मुंबईत सायबाच्या बंगल्यात केलंय मी. एकदम चुप.

साळूबाई : मला चुप नको. दत्ताराम मुंबईला गिरणीत, घरात बाप्या माणूस नाय, तरणी सून वरती. मला वाजलेलं बरं. आणि सासूच्या दहाव्याला मी शब्द दिलाय. पिंडाला कावळा शिवत नव्हता. सगळ्यांनी हात जोडले, तरी ढिम्म. शेवटी मी म्हटलं, आत्याबाई, तुमचं घर तुम्ही ठेवलंत तसंच ठेवीन. तवा कुठं झडप घातली त्यानं.

तुळसा : कावळ्याचं पोट भरलं. माझं काय? गुराच्या गळ्यात घंटा बांधतात, तशी माझ्या पायाखाली ही फळी.

साळूबाई : घंटा गुणाच्या गाईला पण बांधतात. ती नाय फणफणत.

तुळसा : मग गाईलाच माळ घालायची होतीत. आत्याबाई, शेवटचं सांगते. ही फळी आज गप्प झाली नाही तर मी पोलादपूरला वडिलांकडे जाते, ती परत यायची नाही. बोचकं बांधून ठेवलंय. शिमग्याला मुलगा आला की त्याला सांगा, बायको कशापायी गेली.

साळूबाई : जा की. मास्तराची लेक, वाचता येतं म्हणून तोरा. गाड्या सकाळीच गेल्या, पायी जा.

तुळसा : पायी जाईन.

साळूबाई : सगळं त्या गोमाजीनं केलं. हाताला गुण नाय आणि म्हणे सुतार. तुझाच बाप तो, सहदेव. त्यानं फळी नीट बसवली असती तर आज घर फुटलं नसतं.

सहदेव : बापाचं नाव नाय घ्यायचं, काकू. ह्या एका माडीपायी लोक अजून मला हसतात, गोमाजीची फळी रडते म्हणून. मरताना पण तो म्हणत होता, माझं काम चोख होतं. आता मीच बघतो काय चुकलं त्याचं. सरका.

(फळी उचकटल्याचा आवाज.)

तुळसा : काय झालं? बोला ना.

सहदेव : बाकी फळ्यांना खुंट्या हायत, अजून घट्ट. हिला नुसती भोकं.

साळूबाई : कुजून पडल्या असतील.

सहदेव : कुजली तर बुडखा राहतो भोकात. बोट घाला, कड कशी करकरीत हाय. खुंटी कधी ठोकलीच नाय. आणि ही बघा, फळीखाली पुरचुंडी. ह्या तिच्याच खुंट्या. तासून, मापानं, चिंधीत बांधून ठेवल्यात. बापाला कुणीतरी ठोकू दिल्या नाय.

साळूबाई : चिंधी दे इकडं.

तुळसा : अहो, बसा. कोणाची आहे?

साळूबाई : सासूच्या लुगड्याचा काठ. माझी सासू गो. माझ्या लग्नाच्या साली घातली ही माडी. ती खाली झोपायची, मी झोपते तिथंच. आणि मी वरती, तू झोपतेस तिथं.

तुळसा : म्हणजे तुमच्यासाठी?

साळूबाई : मला वाटायचं, म्हातारीच्या अंगात येतं. माझी आई गेली त्या साली मी ह्या खिडकीशी येऊन रडायची. तोंडात पदर कोंबून. तरी खालनं हाक यायची, ‘साळू, गप पड.’ रोज. कसं कळतं हिला, म्हणून मी थरथरायची. आणि शिव्या दिल्या त्या गोमाजीला.

सहदेव : आज ऐकायला हवा होता तो.

साळूबाई : आणि मी तिच्या पिंडापुढं पदर पसरला. ठोक, सहदेव. ह्याच खुंट्या ठोक.

सहदेव : आधी काथ्या पसरतो.

तुळसा : आणि कावळ्याला दिलेला शब्द?

साळूबाई : तिचं आणि माझं मी बघून घेईन. वर गेले की विचारीनच तिला. तू बोचकं सोड.

तुळसा : सोडते.

साळूबाई : आणि कधी रडू आलं तर जिना उतरून खाली ये. मला आता ऐकू यायचं नाय.