तेलाचा थेंब

नाही हो ताई, घाईत नाही होत ते — घाईत कापली की किल्ली आत जाते पण फिरत नाही, आणि मग तुम्हीच परत येऊन मला चार शब्द सुनावणार. बसा त्या स्टुलावर. एक पाय डगमगतो त्याचा, भिंतीला टेकून बसा. ड्रॉवरची दिसतेय ही, छोटीशी. तीनच्या आत पाहिजे? देतो की. मलाही तीनच्या आतच शाळेत जायचंय — हा कागद द्यायला. दहा दिवस खिशात आहे, घडीवर फाटायला आलाय. मुलीच्या वर्गशिक्षिकेनं दिलाय. शाळेत त्या समुपदेशक बाई येतात ना, मुलांशी बोलायला, त्यांच्याकडे पाठवायचं की नाही ते आपण ठरवायचं. आज शेवटची तारीख. तिची आई म्हणते, करून टाका सही. मी म्हणतो, कशाला? जेवते, झोपते, मार्क चांगले आहेत. फक्त बोलत नाही. आता अकरा वर्षांची पोर चार दिवस बोलली नाही तर काय आभाळ कोसळलं? मीही लहानपणी घुम्याच होतो — आता बघा, तोंड थांबत नाही.

चार दिवस नाही म्हणा, तीन आठवडे झाले. रेडिओ म्हणायचो आम्ही तिला. शाळेतून आली की इथेच, या स्टुलावर, पाय हलवत — म्हणून तर तो डगमगतो — आणि बडबड. मशीन सुरू असलं तर मशीनच्या वर आवाज काढायची. आता येते, बसते, गृहपाठ करते. काय झालं गं? काही नाही. भूक लागली? नाही. वर्गातही हात वर करत नाही म्हणे. बाकी सगळा कागद भरलाय मी, एकच रकाना राहिलाय. वागण्यात बदल केव्हापासून दिसतो, म्हणून. आता हे कोण सांगणार? पोरांचं काय, आज एक उद्या एक, नेमकी तारीख कोण लिहून ठेवतं — सतरा तारीख होती. मंगळवार.

नाही, काही झालं नाही त्या दिवशी. म्हणजे झालं. थांबा, किल्लीचा हा दात नीट येऊ दे.

तिची एक पत्र्याची पेटी आहे. तिला कुलूप माझ्याकडूनच नेलं, त्या खुंटीवरचं पितळी. दोन किल्ल्या दिल्या तर मला विचारते, "बाबा, तिसरी नाही ना तुमच्याकडे?" म्हटलं नाही, शप्पथ. खोटं नव्हतं हो, तिसरी नव्हतीच. पण मला किल्ली लागते कुठे? आदल्या दिवशी लाल डोळे घेऊन आली होती. काळजी वाटली. बापाला काळजी वाटू नये? दुपारी घरी जेवायला गेलो, पेटी खाटेखाली, तार घातली — दोन मिनिटांचं काम. वही होती. थोडीशी वाचली. थोडीशी कसली, सगळी वाचली. कोणाची कोणाशी कट्टी, असलंच सगळं, आणि शेवटी चार दिवस एकच ओळ — 'आज बाबांना ते सांगायचं होतं. दमले होते. उद्या सांगते.' ते म्हणजे काय, कुठेच लिहिलेलं नाही.

सगळं जसंच्या तसं ठेवलं. ओरखडा नाही, काही नाही. पण कुलूप जरा घट्ट फिरत होतं, आणि ताई, हाताला सवय असते — घट्ट कुलूप लागलं की थेंबभर तेल. सोडलं. लक्षातही आलं नाही माझ्या. संध्याकाळी मुद्दाम लवकर घरी गेलो, दमलेला दिसू नये म्हणून गुणगुणत गेलो. ती पेटीपाशी बसलेली. बोटं एकमेकांवर घासली, वास घेतला, आणि माझ्या हातांकडे बघितलं. रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप इथे आणून ठेवलं, दोन्ही किल्ल्यांसकट. म्हणाली, विकून टाका. पेटी उघडीच असते आता. रिकामी.

विचारा तिला, म्हणताय? काय तोंडानं विचारू? आणि कागदाचं म्हणाल तर — त्या बाईंना ती सांगेल हो. ते काय आहे ते सांगेल की नाही माहीत नाही, पण तेलाचं नक्की सांगेल. मग त्या मला बोलावतील, समोर बसवतील. दहा दिवस सगळ्यांना सांगत फिरतोय की पोरीला गरज आहे का, याचा विचार करतोय. विचार माझाच करत होतो. लाज वाटते सांगायला.

बरं, तुमची किल्ली. हा चांदणीचा स्टिकर — हा काही तुम्ही लावलेला नाही. कोणाचा ड्रॉवर आहे? घरचाच, म्हणालात मघाशी. असेल की, पेटीही घरचीच होती. तीनच्या आत परत जागेवर ठेवायचीये, हो ना?

ही घ्या तुमची. दुसरी अर्धी झालीये, राहू दे अर्धीच. पुढच्या चौकात कोणीही करून देईल, मी नाही देणार. रागावू नका. पेन आहे? द्या जरा. सतरा... तारखेपासून. मी तिची पेटी... न विचारता उघडली. मावलं बघा एवढ्याशा जागेत. ही सही.

उठा आता, स्टूल आत घ्यायचंय. शाळा सुटायच्या आत पोचायला हवं मला. आणि तुम्हालाही.