पहले नक्शा

...आन् जमीन कुणाची? माझ्या आज्याची. नांगरली कुणी? माझ्या बापानं. पट्टा कुणाच्या नावावर? माझ्या आन् धाकट्या बद्रीनाथच्या. पण तिच्यावर दोन खोल्या उठवायच्या म्हणलं की कचेरीतला मुन्शी चष्म्याच्या वरून बघणार आन् म्हणणार, "पहले नक्शा." अहो, माणसाला बसू तर द्या आधी.

तुम्हाला सांगतो, मला ह्या भानगडीत पडायचंच नव्हतं. पण घरात चूल एक आन् जावा दोन, माझी साळूबाई आन् बद्रीची नंदाबाई. कालवणात मीठ कुणी जास्ती टाकलं इथून सुरू व्हायचं ते एकमेकींच्या माहेरच्या म्हशीपर्यंत जायचं. शेवटी साळूबाईनं गाठोडं बांधलं, शहागडला माहेरी निघाली आन् जाता जाता म्हणली, "माझं वेगळं दार झालं की न्यायला या. तवर गोदागंगेच्या काठी मी सुखी हाय." ती सुखी, मंग माझं काय? भावजय वाढती जेवायला, न्हाई कशाला म्हणू, पण अशी वाढती जसं काही ते मीठ मीच टाकलंय. करमत न्हाई हो बायकोबिगर, खरं सांगतो.

म्हणून ठरवलं, अंबडच्या वेशीबाहेर आपलं रान हाय त्याचे तुकडे पाडू. एकावर माझं घर, एकावर बद्रीचं, बाकीचे ज्याला पायजेत त्याला. आता ह्यात अवघड काय हाय? गेल्तो कचेरीत. मुन्शी म्हणला, "पहले नक्शा. रस्ता किधर छोडते? नाली किधर जाती? गाडी कैसे मुडती?" म्हणलं, साहेब, गाडी बैल वळवतेत, त्यांना ठावं हाय. तर म्हणतो, "बैल का नक्शा नक्को, जमीन का होना."

मंग मोजणीवाले साहेब आले. डोक्यावर रुमी टोपी, मागं साखळी धरायला दोन माणसं, दिवसभर उन्हात मोजून राह्यले. खुंट्या ठोकल्या, चुन्याच्या रेघा मारल्या आन् बराबर मधून रस्ता काढला. रस्ता म्हणजे किती, तर दोन गाड्या शेजारून जातील आन् गाडीवान चिलीम देतील-घेतील, एवढा. माझा जीव तुटून राह्यला, एवढ्यात माझी अजून एक खोली बसली असती. पण साहेब भला माणूस. पाणी पिला आन् म्हणला, "देखो धर्मराज, हम फिर देखने आते. तब तक खुंटी को हाथ नक्को लगाओ." लावला का मी हात? आईशप्पथ न्हाई लावला.

पण दरसाल उन्हाळ्यात आपल्या बांधावरून बिरू धनगर मेंढ्या घेऊन जातो. आन् दरसाल मी हाळी देतो, "बिरू, पुढं कुठं चाललास, बस की इथंच." मेंढ्या रानात बसल्या की लेंडीखत पडतं, त्याला पायलीभर दाणे द्यायचे, हे माझ्या आज्यापासून चालत आलेलं. यंदा बिरू दिसला आन् तोंडातून निघून गेलं, "बस की इथंच." अरे, मी तिथं घर बांधायला निघालो, लेंडीखत काय भिंतीला घालायचं व्हतं? पण जिभेला कोण सांगणार की बाई, पहले नक्शा?

सकाळी गेलो तर बिरू खुश. म्हणतो, "मालक, यंदा तुम्ही खुंट्याबी ठोकून ठेवल्या माझ्यासाठी." मेंढ्यांभोवती जाळं लावायला त्यानं साहेबाची एकूणएक खुंटी उपटून गोल ठोकली व्हती. चुन्याच्या रेघा तर मेंढ्यांच्या खुराला लागून गेल्या. त्याला काय बोलावं, बोलावलं मीच.

आन् त्याच दिवशी साहेब हजर. नक्शा सुलटा धरला, उलटा धरला, मेंढ्यांकडं पाहिलं. "धर्मराज, रस्ता किधर गया?" आता त्या रस्त्यावर एक मेंढी व्याली व्हती, मी काय दाखवू? साहेबानं लिहून टाकलं की इथं प्लॉट न्हाईत, इथं शेती चालू हाय. अर्ज वापस. पुन्हा मुन्शीच्या दारात. मुन्शी म्हणला... तुम्हीच म्हणा आता.

पुन्हा मोजणी झाली. या खेपेला खुंट्या न्हाई, दगड रोवले, साहेब पाहून गेले, म्हणले कागद येईल. कागदाची वाट पाहता पाहता मिरग आला. बद्री म्हणला, "दादा, एवढं खत पडलंय आन् रान मोकळं ठेवावं? कागद येईस्तोवर ज्वारी टाकू." म्हणलं टाक बाबा, कागद काय उद्या येऊन राह्यला.

ती ज्वारी, काय सांगू तुम्हाला, हत्ती लपावा अशी उठली. आन् कणसात दाणा भरला, त्याच आठवड्यात आला की शिक्क्याचा नक्शा. मी तडक गाडी जुंपून शहागडला. साळूबाईला नक्श्यावर बोट ठेवून म्हणलं, हे बघ तुझं दार, ही तुझी चूल. गाडीत बसली, पण म्हणली, "घरी मागून जाऊ, आधी जागा दावा." दावली. ज्वारीत शिरली ती दिसंनाच. मी बांधावरून वरडून राह्यलो, अगं, तू उभी हायेस ती चूल हाय. बऱ्याच वेळानं बाहेर आली, हातात हे एवढं कणीस, आन् म्हणली, "ह्याच्यावर कुदळ चालवताल व्हय? घर काय पळून चाललं? पहिले ज्वारी."

झालं. आता दोघी जावा त्याच एका चुलीवर भाकरी थापून राह्यल्यात, राखणीपायी भांडायला फुरसत न्हाई. आन् मी? कचेरीनं मंजूर केलेला तो रस्ता हाय ना, त्याच्या बराबर मधोमध माळा बांधलाय आन् गोफण घेऊन दिवसभर पाखरं हाकून राह्यलो. एक बरंय, पाखरं तेवढी नक्शा मागत न्हाईत.