दुबईला पोचायला दीड तास

पर्वत पाटियाच्या बसथांब्यावर उज्ज्वलाच्या मागे एक वयस्कर नवरा-बायको उभे होते.

"दुबई किती लांब गं, सुंदरा?"

"एकोणीसशे किलोमीटर. जावई सांगत होते."

"एवढं सगळं हवेतून? मी नाही येत बुवा. तूच जा अन् नातीला बघून ये."

"अहो, तीन तास फक्त! आपल्या शिंदखेड्याला जायला याहून जास्त लागतात."

"तिथं गाडी बंद पडली तर खाली उतरता येतं."

"अन् ऐका तर, तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं. इथून दहाला निघालो, की तिथं साडेअकराला उतरलो!"

"मग माझे उरलेले दीड तास गेले कुठे?"

"तुम्हालाच मिळाले. दीड तासानं तरुण होऊन उतराल."

उज्ज्वलाची बस आली. तिनं ती जाऊ दिली.

"अन् येताना?"

"येताना ते परत द्यावे लागतात."

"मग परत यायचंच कशाला?"

दोघंही खो खो हसत सुटले. उज्ज्वलानं तोंडाला ओढणी लावली.

"म्हणजे येताय ना?"

"येतो. पण खिडकी माझी."

"खिडकी मी कालच मागून घेतली. तुम्ही शेजारी बसा, माझा हात धरून."