आतल्या खोलीतल्या काचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय काकासाहेब, व्यासपीठावर बसलेली मोंढ्याच्या बाजारपेठेतली वडीलधारी मंडळी, सत्कारमूर्ती रामकिसनराव फोटोवाले, पत्रिकेत ज्यांचं नाव छापायचंच राहून गेलं त्या दुसऱ्या सत्कारमूर्ती तुळजाबाई, पडद्याआड बसलेल्या आया-बहिणींनो आणि जिनिंगच्या या शेडात दाटीवाटीनं बसलेल्या तमाम जालनेकरांनो, मी मांगीलाल, सुरजमलशेठ रुईवाल्यांचा मुलगा, आपणा सर्वांना हात जोडून रामराम करतो.

काकासाहेबांनी घड्याळ काढून समोर ठेवलंय, ते मला दिसून राह्यलंय. थोडक्यात आटोपतो. पण रुईचा भाव सांगायलाही ज्याला अर्धा तास लागतो, त्याला आपण भाषणाला उभं केलंत, हा दोष माझा एकट्याचा न्हाई.

रामकिसनराव या गावात आले तो कापसाच्या तेजीचा जमाना. तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. रात्रंदिवस जिनांचे भोंगे, गाड्यांच्या रांगा पार वेशीबाहेर. कुठून कुठून माणसं आली! जो तो म्हणे, जालन्यात सोनं पिकून राह्यलंय. आणि ज्याच्या हातात चार पैसे खुळखुळले, तो नवा फेटा बांधून आधी रामकिसनरावांच्या दुकानात. कुंभार पिंपळगावचे कडूबा तर बैलजोडी घेऊन आल्ते. म्हणाले, "एकट्याचा न्हाई काढायचा. कमावलं ह्यांनी." मंग काय, फोटो भर रस्त्यात! ऐन वेळी डाव्या बैलानं मान हलवली आणि फोटोत त्याला तीन तोंडं आली. रामकिसनराव म्हणाले, दुसरा काढून देतो. कडूबांनी तोच डोक्याला लावला, म्हणाले, "साक्षात दत्त दिसून राह्यले, दुसरा कशाला?" कडूबा मागं बसलेत, विचारा त्यांना. फोटो अजून देव्हाऱ्यात आहे.

या सगळ्या फोटोंच्या मूळ काचा, ज्यांवरून कागदावर फोटो छापतात त्या, रामकिसनरावांनी खोक्यांत भरून आपल्या वाचनालयाला देऊन टाकल्या. त्यांची नजर आता अधू झाली, दुकान बंद करून दोघं नवरा-बायको तीर्थपुरीला लेकीकडं राहायला चाललेत. तेजी आली तशी गेली, पण त्या वेळचं आपलं गाव या खोक्यांत शाबूत आहे. त्याबद्दल बोलणारे विद्वान माझ्यामागून बोलतील. मला वेगळंच सांगायचंय.

या खोक्यांत बायका कुठं आहेत? आमच्या मारवाडी घरांतले फोटो बघा. शेठ खुर्चीवर, शेठाणी बाजूला उभी, आणि तिच्या तोंडावर छातीपर्यंत घुंगट. आमच्या घरी भिंतीवर तसाच फोटो आहे. माझी आई सुगनबाई, मी दीड वर्षाचा असताना तापानं गेली. त्या फोटोत मला तिचे फक्त हात दिसत. लहानपणी कुणी विचारलं, आई कुठाय, तर मी त्या हातांकडं बोट दाखवायचो. चेहरा माहीतच न्हवता.

पण बायांनाही आपला चेहरा बघावासा वाटतो की न्हाई? परपुरुषापुढं घुंगट काढता येत न्हाई, म्हणून तुळजाबाई नवऱ्याकडून कॅमेरा शिकल्या. दुकानामागच्या आतल्या खोलीत त्या बायांचे फोटो काढायच्या, धुवायच्या, छापायच्याही स्वतःच. रामकिसनरावांनी त्या खोलीत कधी पाऊल टाकलं न्हाई. बाईनं आपला फोटो बघायचा, हवा तर पेटीच्या तळाशी लपवायचा. काच तुळजाबाईंकडं. ती कुणा पुरुषाला दाखवायची न्हाई, हा शब्द. आणि ज्याचा फोटो, त्यानं मागितली तर काच त्याची, हा त्यांचा कायदा.

दिवाळीनंतर कानावर आलं की जायच्या आधी तुळजाबाई या सगळ्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन कोऱ्या करून राह्यल्या. माझी आईही एकदा त्या खोलीत बसली होती, एवढं घरात ऐकून होतो; तिचा कागद मात्र कधी सापडला न्हाई. तसाच धावत गेलो.

"मावशी, माझ्या आईची काच धुतली का हो?"

"न्हाई अजून. मारवाडगल्लीची पेटी उद्या काढीन."

"मंग मला द्या ना."

"कशी देऊ? पुरुषमाणसाला दावणार न्हाई, असा शब्द दिल्ता तिला."

"अहो, मी मुलगा आहे तिचा! ती जाऊन जमाना झाला."

"म्हणून तर, बाबा. ती असती तर तिला विचारलं असतं. आता कुणाला विचारू?"

मला राग आला, बिलकुल खरं सांगतो. एका काचेवर माझी आई आहे आणि उद्या ती पाण्यात विरघळणार! घरी आलो आणि बुआच्या, म्हणजे माझ्या आत्या प्रेमबाईंच्या पायाशी बसलो. तिनंच मला वाढवलं. घुंगटाच्या बाबतीत आमच्या गल्लीत तिच्याइतकं कडक कुणी न्हाई. ती पडद्याआडून ऐकून राह्यलीय, म्हणून जपून बोलतो. सगळं ऐकून ती उठली, ओढणी घेतली आणि माझ्याबरोबर आली.

मी बाहेर ओट्यावर. आत दोघी. काचेवर सगळं उलटं असतं, चेहरा काळा, केस पांढरे. बुआ म्हणाली, "ये क्या भूत है माय?" आणि एकदम ओरडली, "अरे मांग्या, हिच्या मांडीवर तू हैस की रे!"

तुळजाबाईंनी काच हातातून घेतली, उजेडाला धरली. त्या विसरून गेल्त्या. वडिलांच्या फोटोच्या वेळी मी रडून गोंधळ घातला, एका जागी ठरेना, म्हणून मला आईबरोबर आत पाठवलं होतं. त्या दाराशी आल्या. म्हणाल्या, "ज्याचा फोटो, त्याची काच. ह्यात तुमचाबी फोटो हाय. आता अर्धी काच फोडून तर देता येत न्हाई. घ्या."

त्यांनीच अंगणात उन्हात चौकट ठेवून उरलेल्या शेवटच्या कागदावर फोटो छापून दिला. त्यात आई मान खाली घालून माझ्याकडं बघून हसतेय. आतल्या खोलीतसुद्धा लाजून तिनं घुंगट काढला न्हवता. तो मी ओढलाय. माझी मूठ हलली, म्हणून अंधूक आलीय. आईचा चेहरा मात्र लख्ख आहे. मी या वयात अंगणात बसून लहान पोरासारखा रडलो, आणि सांगायला मला लाज वाटत न्हाई.

तो फोटो इथं बाकीच्या फोटोंबरोबर का न्हाई मांडला, असं सकाळपासून चारजणांनी विचारलं. न्हाई मांडणार. आईला दिलेला शब्द आता मला पाळायचाय.

आया-बहिणींनो, बाकीच्या काचा धुणं तुळजाबाईंनी थांबवलंय. त्या निघेपर्यंत आतली खोली उघडी आहे. जा, आपली काच घेऊन या. आई गेली असेल तर लेकींनी, सुनांनी जावं. ज्या उरतील त्या तुळजाबाई धुतील आणि ते बराबरच होईल. पुरुषांनी ओट्यावर थांबावं. मी थांबलो होतो, काही बिघडत न्हाई.

अध्यक्षमहाराज, शाल आपण एकच आणली. ती आधी तुळजाबाईंच्या खांद्यावर पडावी, एवढी विनंती. रामकिसनराव मान हलवून राह्यलेत, म्हणजे त्यांची ना न्हाई. उभयतांना तीर्थपुरीत सुखाचे दिवस लाभोत. संयोजकांचे, जागा देणाऱ्या जिनवाल्यांचे आणि एवढं ऐकून घेणाऱ्या आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाला लागलं असेल, काही राहून गेलं असेल, तर पोटात घाला. वेळेच्या बाहेर गेलो त्याची माफी मात्र अर्धीच मागतो. मला लहानपणापासून गप बसता येत न्हाई, आणि वडिलांच्या फोटोच्या त्या दिवशी मी गप बसलो असतो, तर आईचं तोंड मला कधीच दिसलं नसतं.