हातभर वायर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बाजारपेठ मंडळाच्या प्रमुख त्सुजिनोसान, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला जमलो ते इगाराशीसान, आणि तेन्मा बाजारातल्या माझ्या दुकानदार बंधुभगिनींनो,

चार शब्द घरून पाठ करून आलो होतो. त्यातला एक आठवेल तर शपथ. मंडळाने दिलेल्या भेटीवरचा कागद देणाऱ्याच्या तोंडावर आपल्याकडे कुणी सोडतं का? इगाराशीसाननी आत्ता इथेच, सगळ्यांदेखत सोडला. आणि आतून काय निघालं? स्मार्टफोन. ज्याने जन्मभर हातातले व्हिडिओ गेम विकले, त्याला हा फोन? ज्याच्यापायी दुकान बंद करावं लागलं, तोच? मला वाटलं, कुणीतरी थट्टा केली. मंडळाच्या लोकांकडे बघितलं, तर सगळे माना खाली घालून.

तेवढ्यात इगाराशीसान शांतपणे म्हणाले, "मुकाई, त्यांच्यावर डोळे वटारू नकोस. मीच मागून घेतला."

मंडळी, मागून घेतला म्हणे!

दर गुरुवारी यांच्या दुकानापुढच्या बाकावर आम्ही दोघं खेळतो. दोघांच्या हातात एकेक गेम, मध्ये दोन्ही गेम जोडणारी हातभर वायर. वायर आखूड, त्यामुळे गुडघ्याला गुडघा लावूनच बसावं लागतं. माझी बायको गेली तेव्हा मला कुणाशी बोलवत नव्हतं. यांनी विचारपूस केली नाही. वायरचं टोक पुढे केलं आणि म्हणाले, "लाव. आज तरी जरा नीट हर." त्सुजिनोसान, हसू नका, हरलोच मी.

फोनवर तसं खेळता येतं का? काचेवर अंगठा घसरतो, मध्येच जाहिरात उगवते. उद्या बटणांचे गेम कोण बनवील, बिघडले तर कोण दुरुस्त करील, या घोराने मला झोप लागत नाही. निदान हा माणूस तरी आपल्या बाजूचा, असं धरून चाललो होतो. म्हणून भाषणाला उठता उठता विचारलं, का मागितलास?

तर म्हणाले, "पोरीकडे पार उत्तरेला, सेंदाईला चाललोय. आपली वायर तिथवर पुरेल का रे?"

मी खिसा चाचपला.

यांच्या गाडीला अजून अवकाश आहे. वायर माझ्या खिशात आहे. आपण सावकाश जेवा, आम्ही दोघं जरा खाली बाकावर जाऊन येतो. मला बोलू दिलंत, उपकार झाले. धक्क्याच्या भरात कुणाला वाकडं बोललो असेन तर म्हाताऱ्याचं म्हणून पोटात घाला.

आणि इगाराशी, मीही एक फोन घेईन म्हणतो. गुरुवारी लाव. उचलायचा कुठून ते सापडायला मला वेळ लागेल. लगेच ठेवू नकोस.