व्याह्यांच्या आवडीचा पिक्चर

पिक्चरचं मला काय विचारता, या साली मी एकच पिक्चर बघितला आणि तोही दोनदा. पोरीचं लग्न नवं होतं. उदगीरचे व्याही पहिल्यांदाच आमच्याकडं नांदेडला आले, म्हणून मानानं टॉकीजला नेलं. डोळ्याचं आपरेशन झालेलं, तर बिचारे काळा चष्मा लावून बसले. हिरो तीन तास मारामारी करून राहिला, पण शर्टाची इस्त्री काही मोडंना. माझं डोकं उठलं.

बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, "लई झ्याक पिक्चर दावला."

पाहुण्याचा शब्द कसा खाली पडू द्यायचा? मी म्हणालो, "हाव, पुन्हा बघावा असा हाय."

पंधरा दिवसांनी पोरीला भेटायला उदगीरला गेलो. चहा संपायच्या आत व्याही म्हणाले, "उठा पाव्हणं, तुमच्या आवडीचा पिक्चर इथं लागलाय. तिकिटं काढलीत."

नाही कसं म्हणावं? पोरीला त्याच घरात नांदायचंय. गेलो. इंटरवलला भजी खाताना मात्र राहवलं नाही.

"पाव्हणं, खरं सांगा, तुम्हाला हा आवडला होता?"

व्याह्यांनी इकडं तिकडं बघितलं. "न्हाई हो. तवा चष्म्याआड झोपलो होतो. आज बघून राहिलो, तर डोकं उठलं."

आम्ही इतकं हसलो की भजीवाला आमच्याकडं बघत राहिला. उरलेला पिक्चर तिथंच सोडून घरी आलो. दारातच विहीणबाईंनी विचारलं, "कसा होता?"

दोघं एकदमच म्हणालो, "लई झ्याक."

येत्या रविवारी दोघी विहिणी चालल्यात बघायला.